पुसून परत बसवलेली काच

मामाचा दात दुखला नसता, तर त्या दिवशी मी काउंटरवर बसलेच नसते.

आमचं दुकान कॅमेरे दुरुस्तीचं. पुढचा काउंटर मामाचा. मागे पडद्याआड माझं टेबल, दिवा, डोळ्याला लावायचं भिंग आणि मुंगीच्या डोक्याएवढ्या स्क्रूंच्या सत्तावीस डब्या. गिऱ्हाइकांशी बोलायचं ते मामानंच, कारण माझ्या बोलण्यानं गिऱ्हाईक तुटतं असं त्याचं ठाम मत आहे. मी कॅमेरा हातात घेतला की पहिल्यांदा विचारते, "हा पाडला कुणी?" लोकांना ते आवडत नाही. पण त्या दिवशी मामा गाल धरून दंतवैद्याकडे गेला होता, बाहेर पाऊस भुरभुरत होता, आणि दार ढकलून तो आत आला.

खरं तर आधी आली ती लेन्स. हाताएवढी लांब, टॉवेलात गुंडाळलेली, वर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीवर त्याचा स्वतःचा रेनकोट. आणि तिच्या मागून तो, नखशिखान्त भिजलेला. लेन्स कोरडी ठेवून स्वतः भिजणारा माणूस मला तिथल्या तिथे आवडला होता, हे मी आता कबूल करते. तेव्हा मात्र विचारलं ते नेहमीचंच.

"ही पाडली कुणी?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "पडतो तो मी. ही माझ्या अंगावर पडते."

मला हसू आलं. ते लपवायला मी पावतीपुस्तक उघडलं.

"मग त्रास काय आहे?"

"फोटो मऊ येतात."

"मऊ?"

"म्हणजे... पक्षी दिसतो, पिसं दिसत नाहीत. पाय दिसतो, पायातली कडी दिसते, पण कडीवरची अक्षरं—" त्यानं हवेत बोटं फिरवली. "चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी."

तो इतका हळू बोलत होता, की ऐकायला मला काउंटरवर वाकावं लागलं.

"तुम्ही कुजबुजता का?"

"सवय. मोठ्यानं बोललं की समोरचे उडून जातात."

"मी काही उडून जात नाही. बोला."

तो हसला आणि तरीही तितक्याच हळू बोलला. शहराबाहेरच्या तलावाकाठी एक निरीक्षण केंद्र होतं. तिथं यंदाच तो नोकरीला लागला होता. दर वर्षी लांबलांबचे पक्षी दोन महिन्यांसाठी तिथं उतरतात. त्यातल्या काहींच्या पायात रंगीत कडी असते, कडीवर तीन अक्षरं. पिल्लू असताना कुणीतरी कुठंतरी घातलेली. ती वाचली की कळतं, कोण आलं, कुठून आलं, मागच्या वर्षीचंच का. जवळ गेलं तर पक्षी उडतात, म्हणून लांबून फोटो काढायचा आणि मोठा करून वाचायचा.

"म्हणजे पक्ष्यांची हजेरी घेता."

"घ्यायची असते. सध्या वर्गात सगळे आहेत, पण कुणाचं नाव कळत नाही."

"लेन्स कधीची?"

"महिन्याभराची. केंद्रानं यंदाच घेतली. लेन्स नवी, मीही नवा. आमच्या मोठ्या बाई म्हणतात, दोघांपैकी एकात दोष आहे. कुणात ते बघून घ्या."

मी पावतीवर नंबर घातला आणि उद्या या म्हणाले. तो गेल्यावर फरशीवर त्याच्या बुटांचं तळं साचलेलं होतं. मी ते पुसलं, आणि पुसताना गुणगुणत होते हे परत आलेल्या मामानं पाहिलं. गाल सुजलेला असल्यामुळे त्याला लगेच काही बोलता आलं नाही.

आमच्या दुकानाची एक पद्धत आहे. लेन्स टेबलावर आली की आधी तिच्या तोंडावरचा फिल्टर काढायचा. फिल्टर म्हणजे आतल्या किमती काचेला ओरखडा जाऊ नये म्हणून वरून फिरवून बसवलेली साधी काच. ती काढायची, पावतीच्या नंबराच्या डबीत ठेवायची आणि मग लेन्स तपासायची. काम झालं की फिल्टर चकचकीत पुसून जागच्या जागी. मामा म्हणतो, टोपी काढल्याशिवाय डोकं कसं तपासणार. पण टोपीशिवाय बाहेर पाठवणंही त्याला मंजूर नाही. फिल्टर नसलेली लेन्स घेऊन कुणी आलं, की मामाचा जीव खालीवर होतो आणि काउंटरखालच्या खोक्यातून तो एक काढून लावून देतो. या लेन्सवरचाही मामाचाच होता. महिन्यापूर्वी नवी लेन्स घेतल्याबरोबर हा माणूस इथं येऊन बसवून घेऊन गेला होता. मी तेव्हा पडद्यामागे होते.

तर मी फिल्टर काढला, डबीत ठेवला, लेन्स तिपाईवर चढवली आणि भिंतीवरच्या रेघांच्या तक्त्याचे फोटो काढले. अगदी शेवटच्या, केसासारख्या रेघासुद्धा सुट्या दिसत होत्या. अशी लेन्स वर्षातून एखादीच हाती लागते. मी पावतीवर लिहिलं, "लेन्समध्ये दोष नाही," खाली सही ठोकली, फिल्टर फुंकर मारून पुसला आणि परत बसवला.

दुसऱ्या दिवशी पावती वाचून त्याचा चेहरा उतरला.

"म्हणजे दोष माझ्यात."

"असं मी लिहिलेलं नाही."

"दोघांतला एक निर्दोष निघाला, की उरतो तो एकच."

मी काहीतरी धीराचं बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "श्वास रोखून बटण दाबत जा." अगदी शाळेतल्या बाईंसारखं. त्यानं मात्र ते मनावर घेतलं.

आठ दिवसांनी तो परत आला, या वेळी फोटोंचं पाकीट घेऊन. एकेक फोटो काउंटरवर मांडला. सगळ्यांत पक्षी, सगळ्यांत कडी आणि सगळ्या कड्यांवर शेवाळल्यासारखे डाग. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या हाताखालून गेलेली लेन्स परत येत नसते.

"आत या," मी म्हणाले. "तुमच्यासमोर तपासते."

पडद्याआड दोघांना उभं राहायला जागा नव्हतीच. तो भिंतीला चिकटून उभा राहिला तरी त्याचा कोपर माझ्या खांद्याला लागत होता. त्याच्या स्वेटरला ओल्या गवताचा वास होता. मी फिल्टर काढला, डबीत ठेवला, फोटो काढला आणि कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठा करून दाखवला. सगळ्या रेघा सुट्या.

"सुरेख," तो म्हणाला.

"बघा. काही दोष आहे का?"

"नाही. काहीच नाही," तो म्हणाला. पण तेव्हा तो तक्त्याकडे पाहत नव्हता, आणि मी फिल्टर पुसायला घेतला तो गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

बाहेरून मामा खाकरला. "चहा सांगू का?"

"नको काका, सोडलाय," तो म्हणाला.

"या वयात?" मामा म्हणाला. त्यानंतर मामा त्याला 'तलाववाले' म्हणायला लागला, आणि माझ्याकडे पाहून उगाचच भुवया उडवायला लागला.

तिसऱ्यांदा तो आला तेव्हा पाकीट नव्हतं. लेन्स काउंटरवर ठेवून तो नुसताच उभा राहिला.

"काय झालं?" मी विचारलं. एव्हाना त्याचा आवाज आला की मीच बाहेर येत होते आणि मामाला अचानक गोडाऊनमध्ये काम आठवत होतं.

"तुमच्या दोन्ही पावत्या बाईंनी फाईलला लावल्यात. लेन्समध्ये दोष नाही, म्हणजे माणसाचा हात हलतो. त्यांची चूक नाही. कागदच तसं सांगतात. महिनाअखेरपर्यंत कड्या वाचून दाखवल्या नाहीत, तर याच हंगामात तलावावर दुसरं कुणी. मला ऑफिसात, टेबलावर."

"टेबलावरचं काम वाईट नसतं," मी म्हणाले. मी तेच करते.

"तुमच्या टेबलावर निदान तुम्ही असता," तो म्हणाला, आणि लगेच कानापर्यंत लाल झाला.

मी लेन्स आत नेली. फिल्टर काढला, डबीत ठेवला, तपासली. निर्दोष. तिसऱ्या पावतीवरही तेच लिहिलं. खोटं कसं लिहिणार. फिल्टर पुसला, बसवला. बाहेर येऊन म्हणाले, "रविवारी दुकान बंद असतं. मी तलावावर येते. तुम्ही फोटो कसे काढता ते मला बघू दे."

"तिथं बसायला खुर्ची नाही," तो घाबरून म्हणाला.

"मी खुर्ची बघायला येत नाहीये."

रविवारी पहिल्या बसनं गेले. धुकं नुकतंच उठत होतं, पाणी राखाडी, काठचं गवत कमरेइतकं. तो बांधावर वाट पाहत उभा होता. त्यानं एक मोठी सतरंजी आणली होती, आणि ती अंथरताना चारही कोपरे तीनतीनदा ओढून सरळ केले. मग वाळूच्या पिशवीवर लेन्स टेकवून आम्ही दोघं शेजारीशेजारी पालथे पडलो. समोर लांब चिखलात शेकडो पक्षी चोची खुपसून चालत होते.

"तो बघा," तो माझ्या कानाशी कुजबुजला. "पिवळी कडी. तो रोज त्याच दगडावर येतो. बाकीच्यांना उभा राहू देत नाही."

"तुमच्या मोठ्या बाई वाटतं."

त्याचं हसू आवाज न करता सगळ्या सतरंजीला जाणवलं.

मी त्याला फोटो काढताना पाहिलं. श्वास रोखलेला, कोपर घट्ट, बोट अलगद. माझ्यापेक्षा स्थिर हात. मग मी काढले. वीस फोटो काढले आणि विसांच्या वीस मऊ. वेग बदलून पाहिला, पिशवी बदलून पाहिली, सगळं बरोबर होतं आणि फोटो तेवढे चुकीचे होते. दुकानात जी लेन्स केस मोजून दाखवत होती, तिला इथं पक्ष्याचे डोळे नीट दिसेनात. माझी विद्या संपली होती, आणि ते त्याच्या डोळ्यांदेखत.

तेवढ्यात धुक्यानं काचेवर वाफ धरली. वरून पुसलं तरी जाईना, आतल्या बाजूनं होती. म्हणून मी फिल्टर फिरवून काढला आणि रुमालानं पुसायला लागले.

"आला—" त्याची बोटं माझ्या मनगटावर. "जवळ आलाय. द्या, द्या तसाच."

मी कॅमेरा तसाच दिला. त्यानं एकच फोटो काढला. मग मोठा करून पाहिला, आणि अजून मोठा करून पाहिला. मी मान वाकवून पाहिलं. पिवळ्या कडीवर तीन अक्षरं, छापल्यासारखी स्वच्छ. पिसांवरचे थेंबसुद्धा मोजता आले असते.

"तुम्ही काय केलंत?" तो म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "काय केलंत तुम्ही?"

फिल्टर माझ्या मुठीत होता.

मला त्याच क्षणी सगळं कळलं. तीन वेळा लेन्स माझ्याकडे आली, तीन वेळा मी ही काच काढून बाजूला ठेवली, आणि जे तपासायला हवं होतं ते डबीत ठेवून बाकी सगळं तपासलं. वर दर वेळी ती काच पुसून परत बसवली, सही केली, आणि त्या सहीच्या जोरावर या माणसाचा हात हलतो असं ठरलं. एका वाक्यात सांगून टाकायला हवं होतं.

"पुसलं," मी म्हणाले.

आणि फिल्टर स्वेटरच्या खिशात टाकला. त्या सकाळी त्यानं अकरा कड्या वाचल्या. प्रत्येक वेळी आनंदानं माझ्याकडे पाहिलं, आणि प्रत्येक वेळी मी पाण्याकडे पाहिलं.

सोमवारी मी टेबलावर बसून दोन फोटो काढले. तोच तक्ता, तीच तऱ्हा. केंद्रातल्या लेन्सच्या मापाची आमच्याकडे एक जुनी लेन्स होती, तिला एकदा हा फिल्टर लावून आणि एकदा न लावता. मामानं दोन्ही फोटो भिंगातून पाहिले. मग भिंग पुसून पाहिले. मग चष्मा पुसून पाहिले.

"तक्ता हलला असेल."

"भिंतीवरचा तक्ता हलत नाही, मामा."

"इतकी वर्षं विकतोय मी हे. कुणी तक्रार केली नाही."

"लहान लेन्सवर कळतच नाही रे. तेही करून बघितलं. ही लांबचं बघणारी आहे, आणि आपली काच पुरती सपाट नाही. एक महागातला फिल्टर लावून बघितला, तर फरक शोधावा लागतो. सगळ्या फिल्टरांचा दोष नाही. या खोक्यातल्यांचा आहे."

मामा खुर्चीत बसला. खोक्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"तलाववाल्यांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

मी स्क्रूच्या डब्या सरळ करायला लागले. त्या सरळच होत्या.

"दुकानाच्या नावासाठी गप्प बसली असशील, तर बसू नकोस," मामा म्हणाला. "नाव माझं आहे, मी बघून घेईन. आणि दुसऱ्या कशासाठी गप्प असशील, तर—"

"तर?"

"तर ते तुझं तू बघ, बाळ." आणि तो खोकं उचलून गोडाऊनमध्ये गेला. या वेळी त्याला खरंच काम होतं.

मंगळवारी दुपारी त्याचा फोन आला. दोन दिवसांत एकोणतीस कड्या. एक पक्षी तर नऊ वर्षांचा निघाला. तो सांगत होता आणि मी ऐकत होते, आणि इतका आनंदी आवाज मी फोनवर कधी ऐकला नव्हता.

"फिल्टर तुमच्याकडेच राहिला ना?" तो मध्येच म्हणाला. "काही घाई नाही. येईन घ्यायला. आणि उद्या दुपारी बाईंपुढे सही करायची आहे, मग सगळं मिटलं."

"कसली सही?"

"आधीचे सगळे आठवडे वाया गेले ना. ते माझ्या हातामुळे, असं लिहून द्यायचंय. आता हात सुधारला म्हणून हा हंगाम पुरा करू देतील. पुढच्या वर्षी मात्र टेबल. चालेल हो. हे पक्षी तरी मिळाले. तुमच्यामुळे."

मी फोन ठेवला आणि पावतीपुस्तक ओढलं. मागच्या तिन्ही पावत्या चुकीच्या आहेत, फिल्टर न तपासता दिल्या आहेत, दोष फिल्टरचा होता आणि तो परत बसवण्याची चूक माझी, असं लिहिलं. मामानं वाचलं, खाली स्वतःच्या हातानं जोडलं, "सदर फिल्टर आमच्याच दुकानातून दिलेला आहे," आणि सही केली. सही करताना त्याचं तोंड दात उपटताना व्हावं तसं झालं होतं.

बुधवारी सकाळी मी तलावावर पोचले, तेव्हा तो केंद्राच्या पायरीवर बसून कागद वाचत होता. मला पाहून इतका खुलला, की मला परत फिरावंसं वाटलं. मी बसलेच नाही. उभ्यानंच दोन्ही फोटो त्याच्या हातात दिले, वर फिल्टर ठेवला, वर पावती.

त्यानं सगळं वाचलं. दोनदा वाचलं.

"तीन वेळा?"

"तीन वेळा. दर वेळी चकचकीत पुसून."

"आणि कळलं कधी?"

"रविवारी. तुम्ही मला विचारलंत तेव्हाच."

"आज बुधवार आहे."

"हो."

पाण्यावर कुठंतरी एक पक्षी शीळ घातल्यासारखा ओरडला. त्यानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मी चहा सोडला," तो म्हणाला. "कुणीतरी सांगितलं, चहानं हात थरथरतात. रोज पहाटे काठोकाठ भरलेला पेला हातात धरून पंधरा मिनिटं उभा राहतो."

"सांडतं?"

"एक थेंब नाही."

"मग तेव्हाच कळायला हवं होतं, की हातात काही दोष नाही."

"तुमच्या सहीच्या पावत्या होत्या ना समोर," तो म्हणाला. "मी पाण्यापेक्षा तुमच्यावर विश्वास ठेवला."

त्यानं फिल्टर उन्हात धरून आरपार पाहिलं. स्वच्छ, निरागस काच. डोळ्याला काहीसुद्धा दिसत नव्हतं.

"रविवारी का नाही सांगितलंत?"

"एक तर लाज. तुम्ही इतक्या आनंदात होता, आणि मी मूर्ख ठरले असते." मी बोटं एकमेकांत अडकवली. "आणि दुसरं... दोष सापडला म्हटल्यावर तुम्ही दुकानात कशाला आला असतात? तुम्ही यावं असं मला वाटत होतं. लेन्स नादुरुस्त राहो असं नाही, पण तुम्ही यावं. एवढंच. आता तुम्ही येणार नाही, तेही बरोबरच आहे. पण त्या कागदावर सही करू नका. तुमचा हात चांगला आहे. मी बघितलाय."

त्यानं फिल्टर पायरीवर ठेवला. मग म्हणाला, "मला राग आलाय." अगदी हळू म्हणाला.

"मग मोठ्यानं बोला ना."

"पक्षी आहेत."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. मी ते पुसलं नाही. पुसण्यात माझा हात किती वाईट आहे ते आता दोघांनाही ठाऊक होतं.

"किती दिवस राहील राग?"

"माहीत नाही. मला सवय नाही फारशी." त्यानं आपला कागद चार घड्या घालून खिशात ठेवला आणि माझी पावती हातात घेतली. "रविवारपर्यंत तरी राहू दे. सोमवारी मला सुट्टी असते."

एवढं बोलून तो आत गेला. सोमवारी या, असं तो म्हणाला नव्हता. येऊ नका, असंही नाही. बसमध्ये मी ते वाक्य उलटसुलट करून पाहत राहिले.

शुक्रवारी दुकानात मोठ्या बाईंचा फोन आला. आवाज वजनदार होता.

"ही पावती तुम्ही स्वतःहून दिलीत? कुणी द्यायला लावली नाही ना?"

"स्वतःहून."

"स्वतःच्या हातानं स्वतःची चूक लिहून देणारे दुकानदार मी पाहिले नव्हते. ठीक आहे. तलाव त्याच्याकडेच राहील, पुढच्या वर्षीही. मागच्या आठवड्यांचा ठपका मी फाईलमधून काढलाय." मग, "आणि लेन्स आता उघडीच ठेवायची का हो?"

"पुढे लांब कडं लावा, हूड म्हणतात ते. ऊन, थेंब, धक्का, सगळ्याला तेवढं पुरतं. वाळू उडायला लागली तरच फिल्टर, आणि तोही चांगला."

मामाचा जीव भांड्यात पडला. माझा अर्धाच पडला. तलाव त्याला मिळाला होता. शनिवार गेला. रविवार इतका सावकाश गेला, की मी सत्तावीस डब्यांतले स्क्रू मोजले. सोमवारी सकाळी मामानं मला दारातच अडवलं आणि म्हणाला, "आज दुकानात तुझी गरज नाही." मी बरं म्हणाले आणि धावत बस पकडली.

तो बांधावर होता. ऊन स्वच्छ पडलं होतं. गळ्यात कॅमेरा नव्हता, खांद्यावर पिशवी नव्हती, आणि त्यामुळे हात कुठं ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. सतरंजी मात्र अंथरलेली होती. मी शेजारी बसले. समोर पक्षी चिखलात चोची खुपसत होते. इतक्या लांबून एकही कडी वाचता येत नव्हती.

"राग गेला का?" मी विचारलं.

"गुरुवारीच गेला," तो म्हणाला. "मी तो शुक्रवारी शोधत होतो. बाईंनी विचारलं, त्या मुलीला ओळखतोस का. मी हो म्हणालो, आणि पुढे काय सांगावं ते कळेना. म्हणून मग रविवारभर बसून एक वाक्य तयार केलं."

"कसलं वाक्य?"

त्यानं घसा साफ केला. गवताची एक काडी उपटली, ठेवून दिली.

"काहीही बिघडलेलं नसताना," तो म्हणाला, "लेन्स नसताना, पावती नसताना, नुसतं तू आहेस म्हणून मी जर रोज—"

"हो," मी म्हणाले.

तो थांबला. "माझं वाक्य अजून संपलं नाही."

"मला कळलं पुढचं."

"पण मी पाठ केलंय," तो म्हणाला, आणि इतका रडवेला झाला, की मी दोन्ही हात मांडीवर ठेवून नीट, शहाण्यासारखी बसले. मग त्यानं ते वाक्य पहिल्यापासून सुरू केलं, सगळंच्या सगळं, अगदी माझ्या कानाशी. मी शेवटच्या शब्दापर्यंत ऐकून घेतलं, आणि पुन्हा एकदा हो म्हणाले.